कॉइलची वायर

गाडी चालू होत नसेल तर बॉनेट उघडायची घाई करायची नाही, आधी ऐकायचं. हे मला बाबांनी शिकवलं. चावी फिरवल्यावर आवाज नाही आणि समोरचे दिवेही लागत नाहीत, तर बॅटरी किंवा तिच्या वायरी. दिवे लागतात पण नुसतं ‘कट्’ होऊन थांबतं, तर बॅटरी उतरलीय किंवा स्टार्टर गेलाय. आणि इंजिन खर्र खर्र करून जोरात फिरतंय पण धरत नाही, तर दोनच गोष्टी उरतात. पेट्रोल पोचत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही.

आमची गाडी तिसरा प्रकार करत होती.

गाडी म्हणजे पांढरी, छोटी, कार्बोरेटरवाली. बाबांनी निवृत्त झाल्यावर सेकंडहँड घेतलेली. भांडुपला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर आमची खोली आणि खिडकीच्या समोरच गाडीची जागा. बाबा कणकवलीकडून मुंबईत आले ते गिरणीत. गिरणी बंद पडल्यावर ड्रायव्हिंग शिकले आणि साकीनाक्याच्या एका कारखानदाराकडे शेवटपर्यंत ड्रायव्हर म्हणून राहिले. त्या माणसाला ते सायेब म्हणत. सायेबांना बाबांनी कधी नाही म्हटलं नाही, असं आई सांगायची, आणि ते कौतुकाने नव्हे. आमच्या घरचे सगळे सण सायेबांच्या वेळा बघून व्हायचे.

आई गेली तेव्हा मी या घरात परत राहायला आले. मी लग्न केलेलं नाही, मुलुंडच्या एका कंपनीत अ‍ॅडमिन बघते, त्यामुळे माझं सामान हलवणं सोपं होतं. भाऊ बोरिवलीला. पुढे बाबांची किडनी गेली आणि आठवड्यातून तीन वेळा मुलुंडला डायलिसिस सुरू झालं. सकाळची पहिली पाळी, चार तास.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रिजच्या दारावर बाबांच्या गोळ्यांचा तक्ता होता. दिवसाला पाणी किती प्यायचं, ते मी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवत असे. डायलिसिसची पिशवी आदल्या संध्याकाळी भरून दाराशी ठेवलेली असायची: फाइल, चादर, स्वेटर, लिमलेटच्या गोळ्या, उलटीसाठी पिशव्या. त्या काळात मला फारसं काही वाटत नसे. तक्रार म्हणून सांगत नाही. काही वाटत नसलं की कामं नीट होतात. ऑफिसात लोक विचारायचे, “कसं मॅनेज करतेस गं?” मी म्हणायचे, “होतं.” ते खरंच होत होतं.

बाबा दुसऱ्या कशातून जायला तयार नसत. सुरुवातीला एकदा रिक्षाने नेलं होतं. परत येताना ते एलबीएस रोडवर रिक्षातच ओकले. रिक्षावाला काही बोलला नाही, पण बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, “माका परत त्या रिक्षात घालू नको.” घरात ते मालवणीच बोलत. कॅब बोलावली तर ड्रायव्हर आमच्या गल्लीचं तोंड बघूनच राइड कॅन्सल करत, आणि एखादा आलाच तर बाबा त्याच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत. म्हणून गाडी. मी चालवायची, ते शेजारी बसायचे, आणि भांडुप ते मुलुंड मला क्लच कधी सोडायचा ते सांगायचे.

पहिल्यांदा गाडी चालू झाली नाही तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. बाबा पट्टा लावून बसलेले. चावी फिरवली, इंजिन छान फिरलं, धरलं नाही. परत. परत.

“काय झाला गो?”

“फिरतंय. धरत नाही.”

“पेट्रोल येत नाय वाटता,” बाबा म्हणाले. “कार्बोरेटरमध्ये कचरो असतलो.”

मी चोक ओढून बघितला, ढकलून बघितला. डायलिसिसच्या पाळीची वेळ निघून गेली. तिथे एकाचं मशीन दुसऱ्याला लगेच देतात. मी फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची पाळी दिली. बाबा घरात जाऊन शर्ट बदलून पलंगावर आडवे झाले. मी मेकॅनिकला निरोप ठेवला आणि ऑफिसला गेले.

दुपारी मेकॅनिकचा फोन. “ताई, काय प्रॉब्लेम आहे गाडीला?”

“चालू होत नाही.”

“एका चावीत चालू झाली. आता पण चालूच आहे, ऐका.” त्याने फोन इंजिनजवळ धरला असावा. “तुमची गाडी मला बघून घाबरते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मुकाट चालू झाली आणि आम्ही जाऊन आलो.

जुन्या गाडीत असं होतं. मधूनच येणारा बिघाड हा सगळ्यात वाईट, कारण तो दाखवायला नेला की नसतो. मी पद्धतशीर सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. आधी कार्बोरेटर साफ करून घेतला, कारण बाबांनी ते सांगितलं होतं आणि गाडीतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पुढच्या काही फेऱ्या बरोबर झाल्या. मग एका सकाळी पुन्हा तेच.

या वेळी मी वास घेतला. पेट्रोलचा भपकारा येत होता.

“बाबा, पेट्रोल येतंय. उलट जास्त झालंय, इंजिन पेट्रोल प्यायलंय.”

“मग प्लग ओले झाले असतले,” ते समोर बघत म्हणाले. “बदलून टाक. जुने झाले.”

प्लग बदलले. मेकॅनिक म्हणाला होता जुने प्लग ठीक आहेत, पण घालायचे तर घाला. या वेळीही तो दुपारीच आला होता आणि गाडी त्याच्यासमोर लगेच चालू झाली होती. “रात्रीचा मॉइश्चर असतो ताई,” तो म्हणाला. “गाडीवर कव्हर टाका.” मी कव्हर आणलं. कव्हर टाकल्यावरही एकदा झालं.

भावाला फोनवर सांगितलं. तो वैतागला.

“विकून टाक ना यार तो खटारा. मी इथून कॅब बुक करत जाईन.”

“बाबा बसत नाहीत.”

“बसत नाहीत म्हणजे काय? तू विचारतेस कशाला? उचलायचं आणि बसवायचं.”

“तू ये आणि उचल.”

“मी बोरिवलीहून सकाळी सहाला भांडुपला येऊ? वेडी आहेस का?”

“मग गप्प बस ना.”

“बरं, चिडू नकोस गं.”

“चिडले नाहीये,” मी म्हणाले. नव्हतेच चिडले. मी त्याच्याशी बोलता बोलता बाबांच्या गोळ्या डबीत भरत होते.

त्यानंतर एकदा पाळी चुकली आणि दुसऱ्या दिवशीची पाळीही रिकामी मिळाली नाही. बाबांचे पाय सुजले. आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून ते खिडकीशी खुर्चीत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मशीनवर घेतलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला मशीनच्या बाजूला बोलावलं. तरुण बाई होत्या, आवाज न चढवता बोलल्या.

“छातीत पाणी आलंय. अजून एकदा असा गॅप पडला तर सरळ आयसीयू. आणि तिथून ते परत येतीलच असं मी सांगू शकत नाही. नक्की अडचण काय आहे तुमची?”

“गाडी चालू होत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मलाही ऐकताना ते कारण लहान वाटलं. पण अडचण खरोखर तेवढीच होती. गाडी दर वेळी चालू झाली असती तर बाबा जगणार होते. मी त्या दिवशी घरी आले आणि गाडीचं मागे टाकलेलं सगळं पुढे घेतलं.

उरली होती ठिणगी. ती बघायची रीत जुनी आहे आणि बाबांनीच मला दाखवली होती, मी कॉलेजात असताना, सायेबांच्या गाडीवर. एक प्लग बाहेर काढायचा, त्याची वायर त्याला लावलेलीच ठेवायची, रबरी मुठीच्या पकडीने धरून प्लगचा धातू इंजिनला टेकवायचा आणि दुसऱ्याने चावी मारायची. निळी ठिणगी तडतडली की वीज येतेय. एका रविवारी मी बाबांना चावी मारायला बसवलं. ठिणगी निळी, जाड, दर फेऱ्याला. गाडीत काहीच दोष नव्हता.

“बघ, बरी आसा,” बाबा आतून म्हणाले.

“रविवारी बरी असते.”

त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली.

मग एका डायलिसिसच्या सकाळी ती पुन्हा नुसतीच फिरली. मी पिशवी मागच्या सीटवर टाकली, बाबांना हाताला धरून ड्रायव्हरच्या जागेवर आणलं, आणि प्लग काढला. “मारा चावी.” त्यांनी मारली. ठिणगी नाही. दुसरा प्लग. नाही. तिसऱ्यालाही नाही. तिन्ही प्लग एकदम मरत नाहीत. म्हणजे वीज त्यांच्यापर्यंत येतच नव्हती, खोळंबा त्याच्या आधी होता.

या गाडीत ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलमधून एक जाड काळी वायर निघते आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत मधोमध बसते. तिथून वीज वाटली जाते. वायरीच्या टोकाला रबराची टोपडी असते, त्यामुळे आतला धातू बसलाय की नाही ते दिसत नाही. वरून सगळं जागच्या जागी दिसतं. मी बोटांनी वायर चाचपत गेले आणि टोपडीवर अंगठा दाबला. आत ‘टक्’ झालं. वायर बसलेली नव्हती. नखभर वर होती.

“सापडलं,” मी म्हणाले.

बॉनेटच्या खालच्या फटीतून मला बाबांचे फक्त हात दिसत होते, स्टिअरिंगवर ठेवलेले. डाव्या हातावर, सुया टोचतात तिथे, शीर दोरीसारखी फुगलेली.

“काय?”

“कॉइलची वायर. सैल झालीय.”

“व्हायब्रेशननं सुटता कधी कधी,” ते म्हणाले.

प्लग परत बसवले. इंजिनात पेट्रोल साचलं होतं म्हणून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चावी मारली, भकभक धूर आला आणि गाडीने धरलं. मुलुंडला उशिरा पोचलो. त्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना मशीनवर घेतलं. चार तास मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉपवर काम केलं. घरी आल्यावर काळी टेप घेतली आणि ती वायर टोपीसकट घट्ट गुंडाळून टाकली. आता कितीही हादरे बसले तरी सुटणार नव्हती. काम संपलं, तसं यादीतून खोडलं.

दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत गेलं. बाबांच्या पायाची सूज उतरली. संध्याकाळी ते गेटपर्यंत फेरी मारत आणि थोडा वेळ गाडीत बसत. ते आधीपासूनच बसत असत. दाराच्या मागे खिळ्यावर दुसरी चावी असायची, ती घेऊन जात. मी ऑफिसातून येईपर्यंत परत पलंगावर आलेले असत. शेजारच्या काकू मला सांगायच्या, “आज पण बसले होते हो गाडीत. छान वाटतं त्यांना.” मलाही ते बरं वाटे. माणसाने दिवसातून एकदा बाहेर पडावं.

मग तो सोमवार. बाबा शेजारी, मागे पिशवी. चावी फिरवली. खर्र खर्र खर्र.

मी दुसऱ्यांदा चावी मारली नाही. उतरले, बॉनेट उघडलं. टेप जागच्या जागी होती, घट्ट, गुळगुळीत. मी तिच्यावर बोट फिरवलं. शेवटाला बोट अडलं. टेपचं टोक दुमडलेलं होतं.

आमच्या घरात टेपचं टोक कायम दुमडलेलं असायचं. रेडिओच्या वायरला असो, गळक्या पाइपला असो की ड्रॉवरमधल्या रिळाला असो. बाबा चिकटपट्टी लावून झाली की शेवटचं टोक आत दुमडून एक छोटा कान करत, म्हणजे पुढच्या वेळी सोडवताना नखं लागत नाहीत. लहानपणी आम्हाला रागवायचे, “टोक कोण दुमडणार? तुमचो सायेब?” मला ती सवय कधी लागली नाही. मी टेप गुंडाळली तेव्हा टोक सरळ चिकटवलं होतं.

मी टेप सोडवली. लगेच सुटली. आत वायर नखभर वर.

तेव्हा मला सायेबांच्या गाडीची गोष्ट आठवली. आमच्या घरातली ती एकमेव गोष्ट होती जिच्यावर आई बाबांबरोबर हसायची. एका गणपतीत गौरीच्या दिवशी सायेबांनी बाबांना बोलावून घेतलं, लोणावळ्याला जायचं म्हणून. घरी पाहुणे, नैवेद्य, सगळं. बाबा साकीनाक्याला गेले, गाडी बाहेर काढायच्या आधी बॉनेट उघडलं आणि एक वायर जरा उचलून ठेवली. मग सायेब येऊन बसले, बाबांनी चावी मारली, मारली, परत मारली, आणि तोंड पाडून सांगितलं, “सायेब, गाडी रुसली.” दुपारी बाबा आमच्या घरी वडे खात होते. सगळेच ड्रायव्हर ते करतात, असं ते सांगायचे. ड्रायव्हरने नाही म्हटलं तर नोकरी जाते. गाडीने म्हटलं तर कोणाचं काही जात नाही.

मी बॉनेट उघडंच ठेवलं आणि गाडीत येऊन बसले. दार लावलं. समोरची काच बॉनेटने झाकलेली होती, त्यामुळे आम्हाला दोघांना बघायला काही नव्हतं.

“बाबा, गाडीला काही झालेलं नाही.”

त्यांनी शर्टाची बाही सारखी केली.

“रुसलीय,” मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत पुढे त्या पांढऱ्या पत्र्याकडे बघायला लागले. त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता. डायलिसिसला जातानाही ते इस्त्रीचा शर्ट घालत.

“मी काय सायेब आहे का?” मी विचारलं.

“मगे कोण?” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “चावी तुझ्याकडे. टाइम तुझो. पाणी तू मोजतंस, मीठ तू मोजतंस.”

“मग ते कोण मोजणार? तो बोरिवलीवाला?”

“तसा नाय म्हणत मी.”

“मग काय म्हणता?”

ते हातावरची शीर दाबत राहिले. त्यात आतून गुरगुर होते, हात लावला की कळते. त्यांना ती दाबायची सवय लागली होती.

“ता मशीन रगत धुता,” ते म्हणाले. “धुवांदे. पण एका माणसाक किती येळा धुवचा? घरी इलंय की झोपतंय. उठतंय तो परत जायचो दिवस. मधी काय? मधी कायच नाय. माका कंटाळो इलो.”

“तर मग नको म्हणायचं. तोंडाने.”

“तुका नाय म्हणूक माका जमत नाय.”

“का?”

“तुझ्या त्या तक्त्यात ‘नको’ लिवक रकानो खंय आसा?”

तो नव्हता. मी मनातल्या मनात फ्रिजवरचा तक्ता बघितला. खरंच नव्हता.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. मला रडू आलं नाही. राग आला नाही. मी घड्याळ बघितलं आणि पाळीला अजून वेळ आहे हे मनात धरलं. मग म्हणाले, “तुम्ही गेला नाहीत तर काय होईल ते माहीत आहे ना?”

“माका माहीत आसा. डॉक्टरीण माझ्यासमोरच बोलता. तिका वाटता मी झोपलंय.”

“मागच्या वेळी धाप लागली होती.”

“हां. ता वायट होता.” मग म्हणाले, “म्हणान वायर परत बसवलंय. नायतर तशीच ठेवतलंय होतंय.”

म्हणजे त्यांना मरायचंच होतं असंही नव्हतं. त्यांना एखादी सकाळ हवी होती. मग भीती वाटे, आणि मी ऑफिसला गेल्यावर ते बाहेर येऊन वायर दाबून ठेवत, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी चालू व्हावी. हे मला तिथे बसल्यावर एकेक करून कळत गेलं.

“आज काय करायचं?” मी विचारलं. असं मी त्यांना त्यापूर्वी कधी विचारलं नव्हतं, कारण ते फ्रिजवर लिहिलेलं असायचं.

सोसायटीचा वॉचमन पाण्याची मोटर लावायला गेला आणि आमच्या उघड्या बॉनेटकडे बघून हातानेच ‘काय झालं’ विचारून गेला.

“आता शर्ट घातलंय,” बाबा म्हणाले. “चल.”

मी उतरले, वायर दाबली, ‘टक्’ झालं. टेप गुंडाळली. मग शेवटाला थांबले आणि टोक दुमडून त्याचा कान केला. बाबा दार उघडून, एक पाय बाहेर टाकून बघत होते.

“यापुढे रुसवायची असेल तर आदल्या दिवशी सांगून रुसवा,” मी म्हणाले. “मी मुलुंडला फोन करत जाईन. माझी रजा तरी फुकट जाणार नाही.”

“सांगून कोण रुसता गो?” बाबा म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. खोकलाही आला.

गाडी पहिल्या चावीला चालू झाली.

त्या दिवशी डायलिसिसनंतर मी त्या डॉक्टरांना थांबवलं आणि बाबांच्या समोरच सगळं बोला म्हणाले. त्या स्टूल ओढून बाबांच्या खुर्चीपाशी बसल्या. डायलिसिस थांबवलं तर काय होईल, किती लवकर, त्रास कसा होईल आणि तो कमी करायला काय देता येतं, हे त्यांनी सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, “घरी ऱ्हावक मिळात?” त्या म्हणाल्या, मिळेल.

फ्रिजवरचा तक्ता मी काढला. त्याऐवजी आदल्या संध्याकाळी मी विचारायचे, “उद्या?” ते बहुतेक वेळा “हां” म्हणायचे. काही वेळा “नको” म्हणायचे, मग मी फोन करून पाळी एक दिवस पुढे ढकलायचे. त्या सकाळी ते खिडकीत चहा घेऊन बसत, अर्धा कप, आणि बाहेर गाडीकडे बघत. विशेष काही करत नसत. मी ऑफिसला जायचे.

होळीनंतर एका संध्याकाळी मी विचारलं आणि ते म्हणाले, “नको. आता ह्येच्या फुडे कधीच नको.”

मी म्हणाले, “बरं.”

भाऊ आला. त्याने आधी मला बोलून घेतलं, “तू वेडी झालीस, तू त्यांचं ऐकतेस?” मग तो आत जाऊन त्यांच्याशी बोलला आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला. मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, “तू कशी उभी राहतेस गं?” मी म्हणाले, “साखर घातलेली नाही, घेशील ना?” तो आठवडा तो आमच्याकडेच राहिला. फार दिवस लागले नाहीत. शेवटचे दोन दिवस डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधाने ते झोपूनच होते.

त्यानंतरची कामं मी केली. दाखला, बँक, रेशनकार्ड, गावी कळवणं. औषधं उरली होती ती डायलिसिस केंद्रावर देऊन आले. गाडीकडे बघायला वेळच झाला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मेकॅनिकचा फोन आला, गाडी विकायची असेल तर त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. मी म्हणाले, आधी चालू करून बघते.

सकाळीच बाहेर आले. कव्हर काढलं, धूळ झटकली, आत बसले. सीटवर बाबांच्या बाजूला पट्ट्याचं बक्कल तसंच वर आलेलं होतं. चावी फिरवली.

काही झालं नाही.

मी उतरले आणि बॉनेट उघडून सरळ कॉइलच्या वायरीला हात घातला. हा चुकीचा क्रम होता. आवाज ऐकला असता, दिव्यांकडे बघितलं असतं, तर मला आत बसल्या बसल्याच कळलं असतं. चावी फिरवल्यावर दिवेसुद्धा लागले नव्हते. पण माझा हात आधी तिथेच गेला.

टेप मी त्या सोमवारी गुंडाळली होती तशीच होती. टोक दुमडलेलं. कान कोणी उचललेला नव्हता. मी टोपडीवर अंगठा दाबला. ‘टक्’ झालं नाही. वायर पूर्ण बसलेली होती.

मी परत आत येऊन बसले, दिव्याचं बटण दाबलं. अंधार. मग सरळ होतं. गाडी इतके दिवस उभी होती, बॅटरी उतरली होती.

मी मेकॅनिकला फोन केला, चार्जर घेऊन ये म्हणाले. “आणि गिऱ्हाईक, ताई?” त्याने विचारलं. मी म्हणाले, त्याला सध्या नको म्हणून सांग.